‘जास्त टिकतो’ म्हणजे काय? आयुर्मानांच्या तुलनेची पार्श्वभूमी

बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला सोसायटीच्या पंपाचं वाइंडिंग जळालं, की बैठकीत एकच प्रश्न निघतो: कोणता पंप जास्त टिकतो? संख्याशास्त्रात याच प्रश्नावर कित्येक दशकं काम झालं आहे, आणि त्याचं एकच एक उत्तर नाही.

स्वीडनमधलं १९३९ चं पदार्थांच्या मजबुतीवरचं काम आणि १९५१ चा वायबुल वितरणावरचा (वस्तू किती काळ टिकेल, याच्या संभाव्यता देणाऱ्या सूत्रावरचा) लेख या विषयात सर्वश्रुत आहेत. खरी कलाटणी १९६३ ची. त्या वर्षी बोइंग ७२० विमानांच्या वातानुकूलन यंत्रणांच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेका विमानाचा बिघाड दर (आतापर्यंत चाललेली यंत्रणा लगेच पुढे बिघडण्याचा वेग, म्हणजेच हॅझार्ड रेट) साधारण स्थिर होता, पण सगळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या की तो काळाबरोबर घटताना दिसे. यंत्रणा काही सुधारत नव्हत्या. दोन बिघाडांमधली छोटी अंतरं बहुतेक कमकुवत विमानांची होती, लांब अंतरं दणकट विमानांची. वेगवेगळ्या दर्जाचा माल एकत्र मोजला की असा चकवा होतो, हे तेव्हा गणितानं सिद्ध झालं.

घोळ आहे तो ‘सरस’ या शब्दाचा. समजा, अ आणि ब कंपनीचे शंभर-शंभर पंप घेतले. वर्षाअखेर अ चे ८० चालू, ब चे ६०. दुसऱ्या वर्षाअखेर अ चे ५०, ब चे ४५. दोन्ही वेळी अ पुढे. प्रत्येक क्षणी असाच अ चे जास्त पंप चालू असतील, तर नेहमीच्या स्टोकॅस्टिक क्रमानं अ सरस. आता एक वर्ष वापरलेला पंप घ्यायचा आहे. अ च्या ८० पैकी ५० पुढचं वर्ष काढतात, म्हणजे ६२.५ टक्के, ब च्या ६० पैकी ४५, म्हणजे ७५ टक्के. जुना घेताना ब सरस! कोणत्याही वयाला उरलेल्या आयुष्याची तुलना केली तरी निकाल तोच राहायला हवा असेल, तर हॅझार्ड रेट क्रम लागतो, म्हणजे सरस पंपाचा बिघाड दर प्रत्येक वयाला दुसऱ्याहून जास्त नसावा. त्यातून स्टोकॅस्टिक क्रम आपोआप मिळतो, त्यातून सरासरीचा क्रम. उलट दिशेनं काहीच मिळत नाही. तरीही वॉरंटीच्या जाहिरातींपासून परीक्षेच्या उत्तरपत्रिकांपर्यंत नुसत्या सरासरीवर निकाल लावला जातो. हे चूक आहे, आणि माझ्या मते पहिल्याच तासाला शिकवायला हवं.

पुढे विषय झपाट्यानं फोफावला. १९८५ मध्ये ‘सिग्नेचर’ची कल्पना आली: कितव्या घटकाच्या बिघाडानं अख्खी यंत्रणा बंद पडेल, याच्या संभाव्यतांची यादी. त्यामुळे यंत्रणेची रचना आणि सुट्या भागांचा दर्जा वेगळे तपासता आले. समांतर यंत्रणांवर भारतीय संशोधकांनी मोठं काम केलं. दोन असमान पंप एकदम चालू आहेत, एक चालला तरी पुरे, आणि प्रत्येकाचा बिघाड दर स्थिर आहे. दोघांच्या दरांची सरासरी हाच ज्यांचा दर, अशा सारख्या पंपांच्या जोडीपेक्षा ही असमान जोडी हॅझार्ड रेट क्रमानं सरस, हे १९९७ मध्ये सिद्ध झालं. २००० मध्ये सरासरीच्या जागी भूमितीमध्य (दोन दरांच्या गुणाकाराचं वर्गमूळ) आला आणि तुलना आणखी नेमकी झाली.

या सिद्धांतांत पंप एकमेकांपासून स्वतंत्र मानले आहेत. सोसायटीचे दोन्ही पंप मात्र एकाच लाइनवर असतात आणि व्होल्टेज वरखाली झालं की झटका दोघांना बसतो. म्हणून अलीकडचं बरंच काम कोप्युला (घटकांची आयुष्यं एकमेकांशी कशी जोडलेली आहेत, हे मांडणारं फलन) वापरून परस्परावलंबी घटकांवर चाललं आहे.