रीळ थांबत नाही तेव्हा

मासेमारीचं बेटकास्टिंग रीळ पहिल्यांदा हातात घेतलं, त्या दिवशी माझं आमिष पाण्यापर्यंत पोचलंच नाही. दहा-बारा पावलांवर हवेतच हिसका बसला, आमिष मागे वळून काठावर आपटलं आणि रिळावर दोराचा असा गुंता झाला की सुगरणीने पाहिला असता तर तिने विणकाम सोडलं असतं. शेजारी उभ्या असलेल्या अनुभवी गृहस्थांनी लगेच निदान केलं, "स्वस्तातलं रीळ आहे, असंच होणार!" हा समज फार पसरलेला आहे. महागड्या रिळावरही तस्साच गुंता होतो. तो का होतो, हे कळायला शाळेत शिकलेलं जडत्व पुरतं.

आधी ज्याच्यासाठी ही खटपट, त्या माशाबद्दल. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला, गोड्या पाण्यातला मासा. तोंड मिटलं तरी त्याच्या जबड्याची कड डोळ्याच्या मागेपर्यंत जाते. त्याच्या प्रजातीचं नाव मायक्रोप्टेरस, म्हणजे 'लहान पराचा'. लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०२ साली हे नाव दिलं, तेव्हा त्याच्यापुढच्या नमुन्याचा पाठीवरचा पर मोडका होता. तो तुटका तुकडा म्हणजे वेगळा छोटा पर, असं त्याला वाटलं. चूक पुढे लक्षात आली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बास बहुतेक वेळा पाणवनस्पती, बुडालेली झाडं, खडक यांच्या आडोशाला दबा धरून बसतो. त्यामुळे आमिष लांब फेकण्यापेक्षा हातभर मोकळ्या जागेत नेमकं टाकणं महत्त्वाचं. नेमकेपणासाठी बेटकास्टिंग रीळ उत्तम, आणि गुंत्याची ब्यादही त्याचीच.

घरात शिवणाच्या दोऱ्याचं रीळ असेल तर ते पेन्सिलीत ओवा आणि दोरा झटकन ओढून थांबा. रीळ फिरतच राहतं आणि सुटा दोरा त्याच्याभोवती गोळा होतो. आता तेच रीळ टेबलावर उभं ठेवा आणि दोरा वरच्या टोकाकडून ओढा. रीळ जागचं हलत नाही, दोरा वेटोळ्या-वेटोळ्यांनी सुटतो, आणि थांबलात की तोही थांबतो. मासेमारीच्या रिळांचे दोन मुख्य प्रकार हे एवढेच. पहिलं बेटकास्टिंग, दुसरं स्पिनिंग. दुसऱ्याचं पेटंट इंग्लंडमधल्या इलिंगवर्थने १९०५ साली घेतलं. तो लोकरीच्या धंद्यातला माणूस होता, त्यामुळे न फिरणाऱ्या रिळावरून सूत कसं उतरतं हे त्याला कुणी शिकवायची गरज नसावी.

आता पहिल्या प्रकारातलं गणित. समजा आमिष सेकंदाला २५ मीटर वेगाने सुटलं आणि दोर गुंडाळलेल्या स्पूलचा व्यास ३४ मिलिमीटर आहे. म्हणजे परीघ झाला साधारण १०.७ सेंटिमीटर. तेवढ्या वेगाने दोर पुरवायचा तर स्पूलला सेकंदाला २३४ फेरे घ्यावे लागतात, मिनिटाला जवळपास १४,०००! हातात धरलेल्या, मुठीएवढ्या वस्तूत हे घडत असतं. इकडे हवेच्या विरोधामुळे आमिष मंदावू लागतं. स्पूलला मात्र याची खबर नाही. दोर ओढता येतो, ढकलता येत नाही. म्हणून आमिष स्पूलला वेग देऊ शकतं, पण 'जरा हळू' असं सांगू शकत नाही. आमिषाचा वेग २५ वरून २० वर आला आणि स्पूल मूळच्याच वेगाने फिरत राहिला, तर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात एक मीटर दोर जास्तीचा सुटतो. जायला वाट नाही, मग तो स्पूलवरच फुगतो, उलटा गुंडाळला जातो आणि अडकतो.

म्हणून स्पूलला ब्रेक लागतो, आणि इथे खरी गंमत आहे. एका पद्धतीत स्पूलच्या बाजूला बारीक ठोकळे असतात. स्पूल फिरला की ते बाहेर फेकले जातात आणि भोवतालच्या कड्यावर घासतात. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर दाब चौपट. हवेचा विरोधही साधारण वेगाच्या वर्गानेच वाढतो, म्हणजे जिथे आमिष सर्वात झपाट्याने मंदावतं तिथेच ब्रेक जोरात लागतो आणि पुढे आपोआप सैल होतो. दुसरी पद्धत चुंबकांची. स्पूल अॅल्युमिनियमचा, त्याला चुंबक चिकटत नाही, मग ब्रेक कसला? धातू चुंबकाजवळून फिरताना त्याच्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलत राहतं, धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात, आणि लेन्झच्या नियमाप्रमाणे ते ज्या हालचालीमुळे उठले तिलाच विरोध करतात. हा विरोध वेगाच्या प्रमाणात असतो, वर्गाच्या नाही. म्हणून फेकीच्या उत्तरार्धातही, स्पूल मंदावल्यावर, चुंबकाची पकड तुलनेने जास्त टिकते. स्पर्श नाही, घासणं नाही, तरीही ब्रेक! चुंबक तांब्याच्या नळीतून सावकाश उतरताना ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच पटेल.

तिसरा ब्रेक म्हणजे आपला अंगठा. आमिष पाण्याला टेकण्याच्या क्षणी स्पूल अंगठ्याने दाबायचा, कारण तेव्हा आमिषाचा वेग एकदम शून्य होतो आणि दोन्ही यांत्रिक ब्रेक तेवढे चपळ नसतात. सुरुवातीची जुळणी अशी: रॉड, म्हणजे गळाची काठी, आडवा धरा, स्पूल मोकळा करणारं बटण दाबा, आणि रिळाच्या बाजूची चकती इतकी पिळा की आमिष सावकाश खाली जाईल व जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. समोरून वारा असेल तर ब्रेक वाढवा. आमिष फार हलकं असेल, सात ग्रॅमच्या आत, तर हट्ट सोडा आणि स्पिनिंग रीळ घ्या. हलक्या आमिषाची बरीचशी ताकद स्पूल फिरवण्यातच जाते.

नवशिक्याने सुरुवातही स्पिनिंगनेच करावी, असं माझं मत. दोन मीटरच्या आसपासचा, मध्यम ताकदीचा रॉड आणि साडेचार किलो ताण सोसणारा दोर एवढ्यावर बरंच भागतं. बासचा विक्रम सुमारे १०.१ किलोचा आहे. तो दोघांच्या नावावर आहे: १९३२ साली अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरी आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता. आपल्या गळाला लागणारा बहुधा किलो-दोन किलोचा. स्पिनिंगची खोड वेगळी. मासा दोर ओढून नेत असताना आपण हँडल फिरवत राहिलो तर प्रत्येक फेऱ्याला दोराला पीळ बसतो. तेव्हा हात थांबवायचा.

रॉडच्या ताकदीबरोबर तो कुठे वाकतो हेही बघा. फक्त शेंडा वाकणारा रॉड एकेरी गळ जबड्यात झटक्यात रुतवतो. तीनतोंडी गळाच्या आमिषाला मात्र मध्यापर्यंत वाकणारा बरा. तो झटका पोटात घालतो आणि गळ तोंड फाडून निघत नाही. आणि लांब रॉडने मासा सोपा ओढला जातो, हेही खोटं. तरफेची लांब बाजू माशाकडे असते.

'पाण्यात अदृश्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या फ्लुओरोकार्बन दोराबद्दलही थोडं. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप; पाण्याच्या जितका जवळ, तितकी वस्तू पाण्यात कमी दिसते) सुमारे १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनच्या तंगुसाचा १.५ च्या पुढे. पाण्याच्या जवळ, पण पाणी नव्हे. काचेचा तुकडा पाण्यात जसा दिसतो त्याहून पुसट, इतकंच. चंद्राच्या कलांवरून मासे कधी खातील हे सांगणारी कोष्टकं १९२६ पासून चालत आली आहेत. चंद्राच्या ओढीने छोट्या तळ्यात भरती येत नाही. पाण्याचं तापमान आणि उजेड बघावा, तेवढ्या वेळात दोन फेका जास्त होतात.

तंत्र एकच सांगतो. गोळीच्या आकाराचं वजन दोरात ओवा, पुढे गळ बांधा, त्यावर रबरी किडा असा चढवा की गळाचं टोक त्याच्या अंगात लपेल. मग तो पाणवनस्पतीत अडकत नाही. आडोशाजवळ टाका आणि बुडू द्या. बास चावत नाही, तो तोंड उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो, त्यामुळे अनेकदा हाताला एक बारीक टक् एवढंच कळतं, किंवा बुडणारा दोर मध्येच तिरका सरकतो. त्याच वेळी झटका द्या.

आणि गुंता झालाच तर कात्री काढू नका. अंगठा स्पूलवर घट्ट दाबा, हँडल दोन-तीन फेरे फिरवा, मग बटण दाबून दोर हलकेच ओढा. आत अडकलेले फास सैल पडतात, आणि चार-पाच वेळा असं केलं की बहुतेक गुंता सुटतो. माझा त्या दिवशीचा सुटला नव्हता, पण तेव्हा ही युक्ती मला ठाऊक नव्हती.