मॉड्युलर फॉर्मवरील अवकलन ऑपरेटर

मॉड्युलर फॉर्म म्हणजे संमिश्र चलाचे असे फलन, जे चलात ठरावीक बदल केले तरी ठरलेल्या नियमानेच बदलते; ही त्याची सममिती. त्याचे अवकलन केले की ही सममिती बिघडते. हा बिघाड दुरुस्त करून पुन्हा मॉड्युलर फॉर्म देणाऱ्या क्रियांना संख्या सिद्धांतात अवकलन ऑपरेटर म्हणतात. भार (त्या नियमातला घातांक) क असलेल्या फॉर्मच्या अवकलजाचा भार क+२ यायला हवा. तो जवळजवळ तसा येतोही, पण मूळ फॉर्मच्या क पटीतले एक जादा पद मागे उरते. सगळा विषय या एका पदाभोवती फिरतो.

फॉर्मची फूरिये श्रेणी क्ष या चलात (मूळ चलाच्या घातांकी फलनात) लिहिली, तर अवकलन ड हे क्षⁿ च्या सहगुणकाला न ने गुणते, इतके ते साधे आहे. श्रीनिवास रामानुजन यांनी १९१६ मध्ये २, ४ आणि ६ भारांच्या आयझेनस्टाइन श्रेणी (विभाजकांच्या घातांच्या बेरजांवरून सहगुणक ठरणाऱ्या श्रेणी) पी, क्यू, आर घेऊन दाखवले:

ड(पी) = (पी² − क्यू)/१२
ड(क्यू) = (पी·क्यू − आर)/३
ड(आर) = (पी·आर − क्यू²)/२

पी स्वतः मॉड्युलर नाही. तिच्यातही त्याच जातीचे जादा पद येते. म्हणून ड(फ) मधून (क/१२)·पी·फ वजा केले की दोन्ही दोष एकमेकांना खोडतात. यालाच सेर अवकलज म्हणतात.

या सूत्रांची ताकद हाताने करून पाहावी अशी आहे. १२ भाराचा डेल्टा हा फॉर्म घ्या: १७२८·डेल्टा = क्यू³ − आर², आणि डेल्टाचे सहगुणक म्हणजे टाऊ(न). क्यूचे पहिल्यानंतरचे सर्व सहगुणक २४० ने विभाज्य आहेत, म्हणून ५ ने भागून उरणाऱ्या बाकीपुरती क्यू १ च ठरते, आणि आर व पी एकच होतात. उजवी बाजू मग क्यू − पी², म्हणजे −१२·ड(पी) होते. त्यातून निघते की टाऊ(न) आणि न गुणिले न च्या विभाजकांची बेरीज यांतला फरक नेहमी ५ ने विभाज्य असतो. टाऊ(२) = −२४, आणि २×३ = ६; फरक ३०.

दोन फॉर्म एकत्र घेतले तर पीची गरजच उरत नाही. फ, ग यांचे भार क, ल असतील, तर क·फ·ड(ग) − ल·ग·ड(फ) यात जादा पदे आपोआप कटतात आणि क+ल+२ भाराचा कस्प फॉर्म (ज्याच्या श्रेणीत स्थिर पद नसते) मिळतो. क्यू आणि आर यांच्यापासून −३४५६·डेल्टा येतो. उच्च कोटींच्या अवकलजांपर्यंत गेलेली ही रचना रँकिन–कोहेन कंस म्हणून ओळखली जाते.

मास–शिमुरा ऑपरेटर तिसरी वाट धरतो: मूळ चलाच्या (क्ष च्या नव्हे) काल्पनिक भागाने भागलेले पद वजा करून सममिती पूर्ण राखतो, पण फॉर्म होलोमॉर्फिक (संमिश्र अर्थाने अवकलनीय) राहत नाही. तरीही, मूळ सहगुणक बैजिक (पूर्णांकी सहगुणकांच्या बहुपदींची मुळे) असतील तर संमिश्र गुणन असलेल्या बिंदूंवर, म्हणजे पूर्णांकी वर्गसमीकरणांच्या संमिश्र मुळांवर, या अवकलजांची मूल्ये, योग्य आवर्तकाच्या (संबंधित लंबवर्तुळी वक्रावरील एका संकलाच्या मूल्याच्या) घाताने भागल्यावर, बैजिक संख्याच निघतात.