वनस्पती तूप
वनस्पती तूप : खाद्य तेलांतील असंतृप्त (कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध असलेल्या) वसाम्लांचे हायड्रोजनीकरण करून, म्हणजे त्यांना हायड्रोजन जोडून, तयार केलेला, नेहमीच्या तापमानाला घट्ट व रवाळ राहणारा स्निग्ध पदार्थ. व्यवहारात ‘डालडा’ हे एका छापाचे नावच सर्व उत्पादनांना लावले जाते. शंकरपाळ्यांचे मोहन, चिरोट्यांचा साटा, नानकटाई, खारी इत्यादींतील त्याचा उपयोग परिचित आहे.

रसायन : तेलाच्या वसाम्लांतील दुहेरी बंधांपाशी कार्बनची साखळी वाकलेली असते. त्यामुळे रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत व तेल पातळ राहते. निकेलच्या बारीक चूर्णाच्या सान्निध्यात, दाबाखाली, तापलेल्या तेलातून हायड्रोजन सोडला की बंध एकेरी होऊन साखळी सरळ होते. प्रक्रिया मध्येच थांबवल्यास मात्र काही दुहेरी बंध टिकतात, पण त्यांची रचना पालटते. असे पालटलेले बंध असलेल्या वसाम्लांनाच ट्रान्स वसाम्ले म्हणतात. ओलेइक आम्ल (तेलांतील एक असंतृप्त वसाम्ल) १३ ते १६° से.ला वितळते, त्याचेच ट्रान्स रूप (इलेइडिक आम्ल) सु. ४५° से.ला, तर पूर्ण संतृप्त (दुहेरी बंध नसलेले) स्टिअरिक आम्ल सु. ६९° से.ला. तुपासारखा घट्टपणा पुष्कळसा या मधल्या रूपामुळेच येई. पूर्ण हायड्रोजनीकरण केल्यास ट्रान्स वसाम्ले जवळजवळ उरत नाहीत, परंतु मिळणारा पदार्थ मेणासारखा कडक असतो.

शोधाचे श्रेय : फ्रेंच रसायनज्ञ पॉल साबात्ये यांनी सहकारी सांदरां यांच्यासह १८९७ च्या सुमारास निकेल या उत्प्रेरकाने (क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाने) हायड्रोजनीकरण केले. साबात्ये यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक (ग्रीन्यार यांच्यासह विभागून) मिळाल्याने बरेच ग्रंथ वनस्पतीचे जनकत्वही त्यांनाच देतात. त्यांचे काम मात्र बाष्परूप पदार्थांपुरते होते. द्रव तेलावर ही क्रिया घडवण्याचे जर्मन पेटंट व्हिल्हेल्म नोरमान यांनी १९०२ मध्ये घेतले व १९०३ मध्ये ब्रिटिश पेटंट मिळवले. तेलउद्योगाचा विचार करता नोरमान यांचा दावा अधिक बळकट वाटतो.

भारतातील प्रसार : पहिल्या महायुद्धानंतर हा माल हॉलंडमधून येऊ लागला. लिव्हर कंपनीने १९३१ मध्ये हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी स्थापन करून मुंबईत शिवडी येथे कारखाना काढला. ‘डालडा’ हा छाप साधारणपणे १९३७ पासूनचा मानतात. ‘डाडा’ या डच व्यापारी नावात लिव्हरचा ‘ल’ घालून तो बनला, ही व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते. खानदेशात अमळनेर येथे १९४५ मध्ये स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनीही वनस्पतीच बनवी; पुढे संगणक क्षेत्रात गेलेली विप्रो ती हीच. कच्चा माल प्रथम मुख्यतः भुईमुगाचे तेल होते. नंतर सरकी, सोयाबीन व पाम तेल आले.

भेसळ व तिची परीक्षा : साजूक तुपात वनस्पती मिसळणे सोपे व फायद्याचे असल्याने ती ओळखू यावी म्हणून वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल घालणे कायद्याने सक्तीचे करण्यात आले. बोदुआँ परीक्षेत वितळलेले तूप व तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल समभाग घेऊन त्यात फुरफुराल या कार्बनी द्रवाच्या विद्रावाचे काही थेंब टाकून हलवतात. खाली बसलेला आम्लाचा थर गुलाबी ते किरमिजी झाला, तर तिळाचे तेल व पर्यायाने वनस्पती असल्याचे समजतात. मूळ कृतीत फुरफुरालऐवजी साखर वापरत. काही रंगद्रव्ये नुसत्या आम्लानेही तांबडी होतात, तेव्हा आधी केवळ आम्लाने पडताळणे आवश्यक असते. भेसळ तीळविरहित चरबीची असेल, तर ही परीक्षा निरुपयोगी ठरते. मग लोण्यातील अल्पकार्बनी, बाष्पनशील वसाम्लांवर आधारलेला राइशर्ट अंक पाहावा लागतो. सरकी भरपूर खाणाऱ्या जनावरांच्या तुपाचा हा अंक मुळातच कमी असतो. त्यामुळे कापूसपट्ट्यातील शुद्ध तूपही संशयास्पद ठरू शके, व म्हणून अशा प्रदेशांसाठी मानके निराळी ठेवावी लागली.

आरोग्यविषयक वाद : गांधीजींनी वनस्पतीला विरोध केला होता व स्वातंत्र्यानंतर तिच्यावर बंदीची मागणी वारंवार झाली. वनस्पतीने अंधत्व येते, असा समज प्रचलित होता. प्राण्यांवरील आहार-प्रयोगांतून त्याला आधार मिळाला नाही. वाढ व पचन यांबाबत भुईमुगाच्या तेलाहून लक्षणीय फरक दिसला नाही. उत्पादकांनी हाच निर्वाळा पुढे केला. तो खोटा नव्हता, पण रक्तातील कोलेस्टेरॉलविषयी त्यातून काहीच कळत नव्हते. मेन्सिंक व काटान या डच संशोधकांनी १९९० मध्ये ट्रान्स वसाम्लांनी एलडीएल (अपायकारक मानले जाणारे कोलेस्टेरॉल) वाढते व एचडीएल (हितकारक मानले जाणारे) घटते, असे दाखवले. संतृप्त वसेइतकी मतभिन्नता या निष्कर्षाबाबत नाही. डेन्मार्कने २००३ मध्ये चरबीतील औद्योगिक ट्रान्स वसाम्लांवर २ टक्क्यांची मर्यादा घातली. भारतातील मर्यादा १० वरून ५ टक्के, १ जानेवारी २०२१ पासून ३ व १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. दुधातुपातही थोडी ट्रान्स वसाम्ले नैसर्गिकपणे असतात, ती या हिशेबात धरत नाहीत.

माहितीची साधने : भारतीय अन्नघटकांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे (उगम कुन्नूर, १९१८) तक्ते प्रमाण मानावेत, २०१७ ची आवृत्ती त्यांत महत्त्वाची आहे. जुन्या कोष्टकांतील वनस्पतीचे आकडे मात्र आजच्या मालाला लावू नयेत, कारण पूर्वीच्या काही नमुन्यांत ट्रान्स वसाम्ले तीस टक्क्यांहूनही अधिक आढळत. पाकिटावर ‘ट्रान्स फॅट फ्री’ लिहिण्यास १०० ग्रॅममागे ०·२ ग्रॅमहून कमी प्रमाण लागते. संतृप्त वसेविषयी ते शब्द काहीच सांगत नाहीत, तो आकडा पोषणतक्त्यात वेगळा पाहावा लागतो.