कपाटात कुजणारा दगड

जीवाश्म बिघडू लागला की ते सगळ्यात आधी कळतं त्याच्याखाली ठेवलेल्या चिठ्ठीवरून. कागदाची कड तपकिरी पडते, मग ठिसूळ होते, बोट लावलं की तुकडा गळतो. खण उघडताच गंधकाचा आंबूस वास येतो आणि अमोनाइटच्या (गोगलगाईसारखं वळणदार कवच असलेल्या, नामशेष समुद्री जीवाच्या जीवाश्माच्या) वळणांत पांढरट-पिवळट भुकटी दिसते. जवळपास एकोणीस कोटी वर्षं चिखलात टिकलेला दगड कपाटात पाच-सात वर्षांत भुगा होतो, तो असा.

दोष पायराइटचा. प्राणवायू नसलेल्या समुद्रतळाच्या चिखलात जीव कुजताना जिवाणू पाण्यातल्या सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड करतात. हा वायू चिखलातल्या लोहाशी जुळतो आणि लोह-गंधकाचं हे सोनेरी खनिज शंख-शिंपल्यांच्या पोकळ्यांत भरतं. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस आणि चारमथ इथे लाटांनी धुऊन निघणारे छोटे सोनेरी अमोनाइट असेच बनलेले आहेत. चिखलात त्यांना हवा लागली नव्हती. कपाटात ती लागते, सोबत ओलही लागते. मग पायराइटचं लोह सल्फेट आणि सल्फ्युरिक आम्ल होतं. पाण्याचे सात रेणू धरून बसलेलं लोह सल्फेट मूळ पायराइटच्या सुमारे सहापट जागा घेतं, म्हणून दगड आतून फुटतो. आम्ल चिठ्ठी खातं, खोका खातं, शेजारचा चुनखडीचा नमुनाही सोडत नाही. भर म्हणजे हे सल्फेट हवेतली ओल स्वतःकडे ओढतं, त्यामुळे एकदा सुरू झालेलं कुजणं आपला वेग आपणच वाढवतं.

सगळं पायराइट सारखं नसतं. चकचकीत, धारदार कडांचे घन स्फटिक वर्षानुवर्षं तसेच राहतात. धोका असतो तो मंद, राखाडी झाक असलेल्या पायराइटला. सूक्ष्मदर्शकाखाली ते तुतीच्या फळासारखं दिसतं: अतिसूक्ष्म स्फटिकांचे गोळेच गोळे, म्हणजे थोड्या जागेत हवेला भिडणारा प्रचंड पृष्ठभाग. नमुना निवडतानाच हा फरक पाहावा.

बहुतेक जण इथे पहिली चूक करतात: वार्निश फासतात. दगड चमकतो आणि मनाला समाधान वाटतं. पण वार्निशच्या पापुद्र्यातून ओल आत जातेच. आतलं कुजणं मात्र दिसेनासं होतं, आणि पुढे उपचार करायची वेळ आली की आधी तो पापुद्राच काढत बसावं लागतं.

खरा उपाय म्हणजे कोरडी हवा. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की पायराइट झपाट्याने बिघडतं. ते ४५ टक्क्यांच्या खाली ठेवावं, ३० ते ४० असेल तर उत्तम. त्यासाठी खोलीभर यंत्रणा लागत नाही. रबरी कडेचा, घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा घ्या आणि दर लिटरमागे २० ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवा, म्हणजे १० लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम. रंग बदलणारं जेल घ्यायचं तर नारिंगी घ्या. निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं क्षार असतं, ते टाळलेलं बरं. रंग उतरला की जेल पसरट ताटलीत घालून ओव्हनमध्ये १२० अंश सेल्सिअसला तीन-चार तास तापवा, गार होऊ द्या आणि मगच परत डब्यात ठेवा. पीव्हीसीचा डबा नको, जुना होताना तो स्वतःच आम्लाची वाफ सोडतो.

डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा, पण त्याच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून त्याचा ओलसर चिखल करा (मीठ पूर्ण विरघळता कामा नये) आणि मापकासोबत हवाबंद पिशवीत चोवीस तास ठेवा. खोलीच्या तापमानाला पिशवीतली आर्द्रता ७५ टक्के होते. मापक ८१ दाखवत असेल तर तो सहाने जास्त सांगतो. स्वस्त मापकांत एवढा फरक सर्रास असतो, आणि इथे सगळा खेळच पाच-दहा टक्क्यांचा आहे.

किनाऱ्यावरून आणलेल्या नमुन्यात मीठ मुरलेलं असतं. तो गोड्या पाण्यात बुडवून रोज पाणी बदला. मीठ निघालं की नाही हे पाहायला त्या पाण्याचा एक थेंब स्वच्छ काचेवर वाळवा आणि शेजारी ताज्या पाण्याचा. दोन्ही डाग सारखे दिसू लागले की थांबा. पायराइटच्या नमुन्याला हे भिजवणं काही दिवसांपुरतंच. नंतर त्याला अल्कोहोलमध्ये बुडवून काढा म्हणजे आतलं पाणी निघतं, आणि तडक कोरड्या डब्यात ठेवा. ओल्या गाळातून निघालेल्या हाडाचं याच्या नेमकं उलट: ते भराभर वाळलं तर आकसतं आणि उभं चिरतं. ते झाकलेल्या भांड्यात, झाकण रोज थोडं थोडं उघडत, काही आठवडे वाळू द्यावं.

भुसभुशीत हाड किंवा शिंपला बळकट करायला संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ नावाचं अॅक्रेलिक राळेसारखं प्लास्टिक वापरतात. ५ ग्रॅम कण आणि द्रावण १०० मिलिलिटर भरेल इतकं अॅसिटोन घ्या. कण बरणीच्या तळाला टाकले की त्यांचा चिकट गोळा होऊन बसतो. ते जाळीच्या कापडात बांधून अॅसिटोनमध्ये लोंबकळत ठेवा, रात्रीत विरघळतात. बरणी काचेचीच हवी, आणि काम खिडकी उघडून, ज्योतीपासून लांब करायचं. कुंचल्याने एका कडेला थेंब सोडा, तो आत शोषला गेला की पुढचा. दगड ओलसर असेल किंवा हवा दमट असेल तर वर दुधी पांढरी साय धरते, कारण अॅसिटोन उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर जमतं. अॅसिटोनने पुसून कोरड्या दिवशी पुन्हा करावं. तुटलेले तुकडे जोडायला हेच द्रावण ५० टक्क्यांपर्यंत दाट करतात. झटपट चिकटणाऱ्या गोंदापेक्षा हे सरस, कारण जोड चुकला तर अॅसिटोनने सहज सुटतो.

तांब्या-काशाच्या जुन्या नाण्यांनाही असाच रोग होतो, फक्त तिथे खलनायक क्लोराइड आहे. मातीतून धातूत शिरलेल्या क्लोराइडपासून बनलेलं क्युप्रस क्लोराइड (तांब्याचं एक क्षार) ओल मिळताच फिकट हिरव्या भुकटीत बदलतं आणि सोबत हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतं. ते आम्ल नवं तांबं खातं, पुन्हा क्युप्रस क्लोराइड होतं, चक्र चालू राहतं. हा रोग आणि निरोगी हिरवा थर यांची गल्लत करू नये. गडद, गुळगुळीत, नखाने न निघणारा थर हे नाण्याचं कवच आहे. लिंबू किंवा व्हिनेगरने ते घासून काढलं की अक्षरांच्या कडाही त्याच्याबरोबर जातात. फिकट ठिपका कुंचल्याने झटकल्यावर एक-दोन दिवसांत परत उगवला तर रोग आहे असं समजून नाणं वेगळं करा आणि ३५ टक्क्यांच्या खालच्या आर्द्रतेत ठेवा. क्लोराइड बाहेर काढणं किंवा बेन्झोट्रायझोल या रसायनाचा संरक्षक थर देणं हे प्रशिक्षित हातांचं काम. ते रसायन त्रासदायक आहे.

कपाटाचं लाकूडही पाहून घ्या. ओक आणि भुशाच्या दाबलेल्या फळ्या अॅसेटिक आम्लाची वाफ सोडतात, त्यामुळे बंद खणातल्या शिंपल्यांवर पांढरी क्षारांची बुरशी आल्यासारखं दिसतं. १८९९ मध्ये शंख-शिंपल्यांचे अभ्यासक बाइन यांनी या झिजण्याचं वर्णन केलं तेव्हा दोष जिवाणूंना दिला होता. या रोगाला नाव अजून त्यांचंच चालतं, कारण मात्र लाकडाची वाफ निघालं. रंग भाजून बसवलेलं लोखंडी कपाट बरं.

जीवाश्म उचलणं कुठे खुलं आहे, कुठे परवान्याने, कुठे गुन्हा. पुरावस्तूंचे नियम बहुतेक ठिकाणी त्याहून कडक आहेत. विकत घेताना वस्तू मूळ देशातून कधी आणि कशी बाहेर पडली याचे कागद मागावेत. सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आहे, आणि अनेक संग्रहालयं वस्तू पारखताना तेच वर्ष रेषा मानतात.

आता पुन्हा चिठ्ठी. तिच्यावर जागा (अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत दिले की सुमारे मीटरभराचा नेमकेपणा येतो), खडकाचा थर, तारीख आणि नमुन्याचा क्रमांक, सगळं आम्लमुक्त कागदावर पेन्सिलीने. तोच क्रमांक दगडावरही हवा. न दिसणाऱ्या बाजूला २० टक्के पॅरालॉइडचा छोटा पट्टा, तो वाळला की त्यावर काळ्या चिनी शाईने आकडा, वर पुन्हा एक हात. पायराइटच्या डब्यात चिठ्ठी दगडाला टेकून ठेवायची नाही, वेगळ्या पॉलिथिनच्या पाकिटात ठेवायची. डब्यात कागदाचा एक कोरा तुकडा मात्र मुद्दाम दगडाखाली सरकवावा आणि दर तीन महिन्यांनी त्याची कड पाहावी.