फ्रॉक घातला म्हणून नाही हो काकू

मध्यंतरी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, 'मुलं समलिंगी का होतात' असा मथळा, आणि खाली कारणं: आईचे अति लाड, वडिलांचा धाक नसणं, लहानपणी मुलीचे कपडे घालणं. शेवटी कुठल्याशा डॉक्टरचं नाव, डिग्री मात्र कुठेच नाही. एरवी असले फॉरवर्ड मी उघडतसुद्धा नाही. पण कोथरूडच्या आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी तो उघडला, नीट वाचला, आणि त्यांचा मुलगा गे आहे, त्याने गेल्या वर्षी घरी सांगितलंय. काकूंनी जुना अल्बम काढून मला एक फोटो दाखवला. दीडेक वर्षाचं बाळ, खणाचं परकर-पोलकं, जावळाला लाल रिबीन, कपाळावर चंद्रकोर आणि गालाला ही एवढी तीट. असा फोटो आपल्याकडे कितीतरी घरांत निघेल, जावळ काढायच्या आधी एकदा हौसेने मुलाला मुलगी करून सजवतातच. काकू म्हणाल्या, "ह्यानेच झालं का रे?"

नाही हो. आणि हे मी काकूंना बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, ह्याला पुरावा आहे आणि तो चांगला भक्कम आहे.

काही मुलगे जन्मतःच शरीराच्या खालच्या भागात मोठा दोष घेऊन येतात, काहींचं शिश्न बाळपणीच अपघाताने जातं. पूर्वी अशा बाळांचं डॉक्टर ऑपरेशन करायचे आणि आईबापांना सांगायचे की ह्याला मुलगी म्हणूनच वाढवा. नाव मुलीचं, कपडे मुलीचे, शाळेत मुलींच्या रांगेत. म्हणजे नुसता फोटोपुरता फ्रॉक नाही, अख्खं बालपण फ्रॉकमध्ये. अशी मोठी झालेली आणि कुणाकडे आकर्षण वाटतं हे नीट नोंदलं गेलेली ७ माणसं २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यात एकत्र आली. सातही जणांना फक्त किंवा मुख्यतः बायकांचंच आकर्षण होतं. इतकं करूनसुद्धा वाढवण्याने कल बदलला नाही, तर खणाच्या पोलक्याची काय कथा!

बरं, आईला दोषी धरायची ही खोड आपलीच नाही, ती चांगली इम्पोर्टेड आहे. १९६२ साली न्यूयॉर्कच्या आयर्विंग बीबर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने मुलाला फार चिकटून असलेली आई आणि दूरदूर राहणारा बाप ह्यातून समलिंगी मुलगा तयार होतो असं मांडलं. कशावरून, तर मनोविश्लेषकांकडे उपचार घेणाऱ्या १०६ समलिंगी पुरुषांवरून आणि तुलनेला घेतलेल्या इतर १०० पेशंटांवरून. म्हणजे जे त्रास होतो म्हणून डॉक्टरकडे आले तेवढेच मोजले, आणि त्यांची माहिती भरून दिली त्यांच्याच डॉक्टरांनी. शिवाय मुलगा वेगळा आहे म्हणून बाप दूर गेला असेल आणि आई जास्त जवळ आली असेल, ही उलटी शक्यता कुणाला सुचली नाही का? पुढे १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को भागातल्या पंधराशेच्या आसपास लोकांच्या लांबलचक मुलाखतींवरचा अभ्यास आला, त्यात आईबापांच्या वागण्याचा परिणाम जवळजवळ काही सापडला नाही. आणि गंमत बघा, खुद्द फ्रॉइडने १९३५ मध्ये एका अमेरिकन आईला पत्र लिहून कळवलं होतं की ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही आणि हा आजारही नव्हे. चेल्यांनी गुरूचं तेवढं ऐकलं नाही.

मग कारण काय? एक असं नाही. जीन्सचा वाटा आहे, पण 'गे जीन' म्हणावं असं काही नाही. २०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून जास्त लोकांचा डीएनए तपासला तेव्हा अगदी बारीक परिणाम करणाऱ्या ५ जागा ठामपणे हाती लागल्या, आणि मोजलेल्या सगळ्या फरकांची बेरीज केली तरी माणसामाणसांतल्या फरकाचा ८ ते २५ टक्के भागच समजतो. ह्यावरून एका माणसाबद्दल भाकीत करता येत नाही. तरी तो पेपर आल्यावर कुणीतरी लगेच 'तुमचा डीएनए टाका, तुम्ही किती गे आहात सांगतो' असं अ‍ॅप काढलंच, शास्त्रज्ञांनी बोंब मारली तेव्हा ते खाली उतरलं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो, जरा सावकाश वाचा.

१९९६ मध्ये ब्लँचर्ड आणि बोगार्ट ह्या कॅनडातल्या दोघांनी एक विचित्र गोष्ट दाखवली. मुलाला जितके सख्खे थोरले भाऊ जास्त, तितकी तो समलिंगी असण्याची शक्यता थोडी जास्त. प्रत्येक थोरल्या भावामागे साधारण ३३ टक्के वाढ. घाबरू नका, ही वाढ मुळात छोट्या आकड्यावर आहे. पहिल्या मुलासाठी शक्यता २ टक्के धरली तर दुसऱ्या मुलाला सुमारे २.६, तिसऱ्याला ३.५, आणि तीन थोरले भाऊ असलेल्या चौथ्याला ४.६. म्हणजे चौथ्यातसुद्धा शंभरातले पंचाण्णव नाहीतच. थोरल्या बहिणी मोजल्या तर हा परिणाम दिसत नव्हता.

कुणीही म्हणेल, थोरले भाऊ घरात असल्याने काहीतरी होत असेल, दादागिरी वगैरे. बोगार्टने २००६ मध्ये नेमकं तेच तपासलं. दत्तक किंवा सावत्र भावांसोबत वाढलेल्यांत परिणाम नाही. उलट एकाच आईच्या पोटचे पण वेगळ्या घरी वाढलेले थोरले भाऊ असले तरी परिणाम आहे! म्हणजे जे काही होतंय ते घरात नाही, पोटात होतंय. आईच्या शरीराला आधीचे मुलगे लक्षात राहतात.

कसे? शाळेतलं आठवा, मुलीत एक्सएक्स, मुलात एक्सवाय. आईच्या शरीरात वाय क्रोमोझोम नाही, त्यामुळे वायवरून बनणारी प्रोटीन्स तिच्या प्रतिकारशक्तीने कधी पाहिलेलीच नसतात. गरोदरपणात बाळाच्या काही पेशी वार ओलांडून आईच्या रक्तात येतात, बाळंतपणात तर बऱ्याच. आणि त्या जात नाहीत बरं का. १९९६ मध्येच एका आईच्या रक्तात मुलाच्या पेशी सापडल्या, मुलगा होऊन २७ वर्षं झाल्यावर. २०१२ मध्ये तर मरण पावलेल्या ५९ बायकांचे मेंदू तपासले, त्यातल्या ६३ टक्क्यांत पुरुषाचा डीएनए होता, बहुधा पोटच्या मुलांचा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी अर्धा तास दुसरं काही करू शकलो नव्हतो.

तर आईची प्रतिकारशक्ती ह्या परक्या प्रोटीनवर अँटीबॉडी तयार करते, आणि पुढच्या मुलग्याच्या वेळी त्या अँटीबॉडी तयारच असतात. ही भानगड आपल्याकडच्या बायकांना नवीन नाही. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर पहिलं बाळंतपण सहसा निभावतं, दुसऱ्या बाळाला धोका, म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन देतात. तोच रस्ता. आयजीजी जातीच्या अँटीबॉडीला वारेत बोट धरून पलीकडे नेणारे खास रिसेप्टर असतात, कारण बाळाला आईची प्रतिकारशक्ती मिळावी हीच तर मूळ योजना आहे.

कुठलं प्रोटीन? संशय आहे एनएलजीएन४वाय वर. हे न्यूरोलिजिन कुटुंबातलं. दोन चेतापेशी एकमेकींना जोडल्या जातात तिथे टिचबटणासारखी रचना असते, एका पेशीवर न्यूरेक्सिनचा भाग, समोरच्या पेशीवर न्यूरोलिजिनचा, दोन्ही टच्चकन बसतात आणि जोड पक्का होतो. अँटीबॉडी जाऊन चिकटली की बटण नीट लागत नाही, आणि आकर्षणाशी संबंधित मेंदूच्या भागातली जोडणी थोडी वेगळी होते, असा अंदाज. २०१८ मध्ये बोगार्टच्या टीमने आयांचं रक्त तपासलं, तर गे मुलांच्या आयांमध्ये, त्यातही ज्या मुलांना थोरले भाऊ होते त्यांच्या आयांमध्ये, ह्या प्रोटीनविरुद्धच्या अँटीबॉडी जास्त निघाल्या.

इथे थांबलो असतो तर गोष्ट फार सुंदर झाली असती. पण आईकडे ह्या प्रोटीनचा एक्सवरचा जुळा असतोच, एनएलजीएन४एक्स, आणि दोघांत फरक फक्त १९ अमिनो आम्लांचा. प्रतिकारशक्तीला हा परका आणि हा आपला हे एवढ्याशा फरकावरून ओळखता यायला हवं. दुसरं म्हणजे २०२० मध्ये असं दिसलं की त्या १९ पैकी एका अमिनो आम्लामुळे वायवालं प्रोटीन पेशीच्या पृष्ठभागावर नीट पोचतच नाही, आतच अडकून राहतं. मग बाहेरून आलेली अँटीबॉडी चिकटणार कशाला? ह्याचं समाधानकारक उत्तर मला कुठे वाचायला मिळालं नाही. शिवाय २०१८ चा अभ्यास दीडशेच्या आतल्या बायकांचा, छोटा. संख्याशास्त्रवाल्यांनी तर थोरल्या भावांच्या गणितावरच शंका घेतल्यात, आणि दुसऱ्या बाजूला नेदरलँड्सच्या ९० लाखांहून जास्त लोकांच्या सरकारी नोंदींत २०२२ मध्ये तो परिणाम पुन्हा दिसला, वर बायकांच्या बाबतीतही दिसला, मग नुसत्या वाय क्रोमोझोमची गोष्ट पुरत नाही. चाललंय अजून.

आणि हे सगळं खरं धरलं तरी गे पुरुषांतल्या सातातल्या एकाबद्दलच ते काही सांगतं असा हिशोब आहे. मी हे सगळं रंगात येऊन काकूंना सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अरे पण माझा हा पहिलाच."

तेही खरंच! मुद्दा एवढाच की आईचा संबंध असलाच तर तो असा आहे, तिच्या नकळत, रक्तात, जसा रक्तगट असतो तसा. त्यात तिने काय खाल्लं, ग्रहणात भाजी चिरली का, डोहाळे कसले लागले, ह्याला काही जागा नाही. पुण्यात गर्भसंस्काराचे क्लास गल्लोगल्ली आहेत, हवी तशी संतती देतो म्हणून हजारो रुपये घेतात, तिथे ऐकवलेल्या श्लोकाने न्यूरोलिजिनला काडीचा फरक पडत नाही. पत्रिकेत शुक्र कुठे बसलाय त्यानेही नाही.

पण आईच्या वागण्याने काहीच होत नाही असं मी म्हटलं तर तेही खोटं. कल ठरत नाही, तब्येत ठरते. अमेरिकेत केटलिन रायन ह्यांच्या टीमने २२४ समलिंगी आणि उभयलैंगिक (स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण असलेल्या) तरुणांना विचारलं की किशोरवयात घरचे नेमके कसे वागले. नाकारलं की स्वीकारलं एवढंच नाही, तर बारीकसारीक विचारलं, टोमणे मारले का, मित्रांना घरी येऊ दिलं का, नातेवाइकांपुढे लपवलं का. २००९ मध्ये आलेला निकाल असा की ज्यांना घरून खूप जास्त नाकारलं गेलं त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, ज्यांना फारसं नाकारलं नाही त्यांच्या तुलनेत, ८.४ पट. आता हे आठवून सांगितलेलं आहे, अमेरिकेतलं आहे, आणि ह्याने कार्यकारणभाव काटेकोर सिद्ध होत नाही, मान्य. पण आकडा निम्मा केला तरी काय राहतं बघा. आणि स्वीकारणं म्हणजे पहिल्या दिवशी झेंडा घेऊन मोर्चात जाणं नव्हे, आईने रडून घेतलं तरी चालतं, फक्त सगळं त्याच्यासमोर नको. गणपतीत आलेल्या आत्याने 'काय, लाडू कधी?' विचारलं की 'त्याचं तो बघेल, तू मोदक घे' म्हणून विषय तोडणं, हे रायन ह्यांच्या यादीत अगदी फिट बसतं.

ट्रान्स मुलांचा प्रश्न वेगळा आहे, तिथे आकर्षण नाही तर आपण स्वतः मुलगा की मुलगी ह्याची जाणीव आहे, त्यामुळे वरची अँटीबॉडीची कहाणी तिथे लावू नका. पण घरच्या आधाराचं चित्र तसंच. २०१६ मध्ये ३ ते १२ वयाच्या ७३ ट्रान्स मुलांचा अभ्यास झाला, घरच्यांनी ज्यांना त्यांच्या मनाप्रमाणे नाव-कपड्यांत राहू दिलं अशी मुलं, त्यांच्यात डिप्रेशन इतर मुलांएवढंच होतं आणि काळजी किंचितच जास्त. म्हणजे ह्या मुलांच्या नशिबी निराशा लिहिलेलीच असते असं जे आपण धरून चालतो ते तितकं खरं नाही.

काकूंसारख्या आया एकट्या असतात ही खरी अडचण, कारण मुलगा कम आऊट करतो, म्हणजे घरी सांगून मोकळा होतो, आणि आई त्या दिवसापासून लपवायला लागते. १९७२ मध्ये न्यूयॉर्कला जीन मॅनफर्ड नावाच्या शाळाशिक्षिका समलिंगींच्या मोर्चात आपल्या गे मुलाबरोबर हातात बोर्ड घेऊन चालल्या आणि पुढच्या वर्षी त्यातून पालकांचा गट उभा राहिला. आपल्याकडे पालकांसाठी 'स्वीकार' हा गट आहे, पुण्यात बिंदुमाधव खिरे ह्यांनी २००२ मध्ये सुरू केलेला समपथिक ट्रस्ट आहे, आणि २०११ पासून पुण्यात प्राइड मोर्चा निघतो, त्यात आयाही चालताना दिसतात. दुसऱ्या आईशी बोलल्याने जे होतं ते माझ्यासारख्याने पेपर वाचून दाखवल्याने होत नाही. घरात कुणी फारच खचलं असेल, मुलगा किंवा आई, तर टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि डॉक्टर निवडताना जरा जपून. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता १९९० मध्ये आजारांच्या यादीतून काढली, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं, आणि मद्रास हायकोर्टाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे कल बदलून देण्याचे 'उपचार', हे डॉक्टरी पेशातलं गैरवर्तन असं ठरवलं. तरी 'बरं करून देतो' म्हणणारे आहेतच. काकूंना एकाने सहा महिन्यांचं पॅकेज सांगितलं होतं, अर्धे पैसे आधी. त्यामुळे अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचारायचं, 'तुम्ही ह्याच्यावर उपचार करता का?' हो म्हणाले तर फोन ठेवायचा आणि दुसरा डॉक्टर बघायचा.