डीलरचा बिल्ला : जुन्या गाडीची किंमत वाढते का?

आमच्याकडे जुनी गाडी दाखवायला आणणारे बरेच ग्राहक डिकीवरच्या किंवा डॅशबोर्डवरच्या डीलरच्या बिल्ल्याकडे, म्हणजे डीलरचे नाव-पत्ता असलेल्या छोट्या पट्टीकडे, बोट दाखवून विचारतात, याने भाव वाढेल का? बहुतेक गाड्यांच्या बाबतीत उत्तर एकच आहे: बिल्ल्यामुळे वेगळे पैसे मिळत नाहीत, पण गाडी मुळात कुठे विकली गेली याचा तो पुरावा असतो. जुने बिल, सर्व्हिस कूपनची वही किंवा मॅन्युअलवरचा शिक्का त्याच्याशी जुळला, तर जाणकार खरेदीदाराचा विश्वास वाढतो. कागद नसतील तर बिल्ला ही फक्त शोभा.

याला अपवाद आहे तो गाडीत स्वतः बदल करून विकणाऱ्या डीलरांचा. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कॅनन्सबर्गच्या येन्को शेव्हरोलेने १९६९ मध्ये ४२७ घनइंची, म्हणजे ७ लिटरचे इंजिन असलेल्या कॅमेरो या स्पोर्ट्स गाड्या विकल्या. कॅमेरोसाठी ते इंजिन शेव्हरोलेच्या नेहमीच्या यादीत नव्हते. खास कारखाना ऑर्डर देऊन बसवून घेतलेले होते. अशा अस्सल गाडीला साध्या कॅमेरोच्या कितीतरी पट किंमत येते, पण ती इंजिनाची आणि कागदांची. बिल्ले आणि गाडीवरचे रंगीत पट्टे नव्याने बनवलेले सहज मिळतात, त्यामुळे नुसत्या बिल्ल्यावर एक रुपयाही जास्त देऊ नका.

बिल्ला त्या काळचा आहे का, हे आधी पत्त्यावरून पाहा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. १९५८ च्या गाडीवरच्या पट्टीत सहा आकडी पिन असेल तर पट्टी नंतरची. इंग्रजी अक्षरांत 'पूना'ऐवजी 'पुणे' किंवा 'बॉम्बे'ऐवजी 'मुंबई' दिसले तरी तीच शंका घ्यावी, कारण ही नावे अधिकृतपणे १९७८ आणि १९९५ मध्ये बदलली. नंतरची पट्टी म्हणजे लबाडीच असे नाही. पुनर्विक्री करणारे आणि सर्व्हिस गॅरेजवालेही आपली पट्टी लावत. मात्र तिला मूळ विक्रीचा पुरावा म्हणता येणार नाही. मग डिकी उघडून बिल्ला बसवलेल्या भोकांची मागची बाजू पाहा. जुन्या भोकाच्या कडेला जुना गंज दिसतो. कडेला चकचकीत पत्रा दिसला तर भोक अलीकडे पाडलेले आहे.

मूळ रंग शाबूत असेल तर बिल्ला काढू नका. त्याच्याखालचा रंग उन्हापासून वाचलेला असतो, त्यामुळे काढल्यावर गडद ठसा उरतो आणि पॉलिशने तो पूर्ण जात नाही. रंगकामासाठी काढायचाच असेल तर आधी कडेपासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि फोटो काढा. चिकटवलेला बिल्ला हेअर ड्रायरने कोमट करून मागून मासेमारीचा नायलॉन दोरा करवतीसारखा ओढा. मागे पिना असलेला असेल तर डिकीच्या आतून स्प्रिंग क्लिपांवर गंज सैल करणारे तेल टाकून रात्रभर ठेवा आणि क्लिपा आतूनच काढा. समोरून स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला की जस्ताच्या ओतकामातल्या पिना तुटतात. त्या पुन्हा जोडणे फार कटकटीचे, कारण जस्त लवकर वितळते. बिल्ला परत लावायचा नसेल तर भोके नुसत्या पुटीने बुजवू नका. मागून पाणी शिरते आणि काही पावसाळ्यांत फोड येतात. पातळ पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घासून घ्या.

मीनाकाम केलेल्या बिल्ल्याला बफिंगचे चाक लावू नये, मीन्याची काच तडकते. साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. खड्डे पडलेल्या क्रोमवर नवा मुलामा चढवायच्या आधी नीट विचार करा. थोडा झिजलेला पण मूळ बिल्ला आम्हाला जास्त मोलाचा वाटतो.

व्हिंटेज नोंदणीबद्दलही विचारणा होते. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हीए' मालिकेत नोंदता येते. तिथे चासी, बॉडी आणि इंजिनातले मोठे बदल अडचण करतात, डीलरचा बिल्ला नाही.

तपासणीला येताना आरसी, जुन्या विम्याचे कागद, मिळतील ती बिले आणि काढून ठेवलेले सगळे बिल्ले, तुटलेलेसुद्धा, आणा.