मणक्यातले सिमेंट हृदयात पोहोचते तेव्हा

पावसाळ्यात शेवाळलेल्या पायरीवरून घसरून मणका दबलेल्या आज्या पेडण्यापासून काणकोणपर्यंत गावोगाव भेटतात. त्यांतल्या काहींच्या मणक्यात सुईवाटे सिमेंट भरतात. हे सिमेंट, म्हणजे पीएमएमए नावाचे घट्ट होणारे प्लास्टिक, खुब्याचा सांधा बदलताना आधीपासून वापरात होते. मणक्यात ते प्रथम १९८४ साली फ्रान्समध्ये भरले गेले आणि तेही ठिसूळ हाडासाठी नव्हे, मानेच्या मणक्यातील रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी. सिमेंट भरण्याआधी मणक्यात फुगा फुगवून पोकळी करायची पद्धत नव्वदच्या दशकाअखेरीस आली.

मणक्याभोवतीच्या शिरांना झडपा नसतात. सिमेंट पातळ असतानाच रेटले, तर ते शिरेत शिरून महाशिरेवाटे हृदयाच्या उजव्या कप्प्यात येते. बहुतेक तुकडे पुढे फुप्फुसात अडकतात. क्वचित एखादा हृदयातच राहतो आणि त्याच्या भिंतीला भोक पाडतो. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी नोंदीतला रुग्ण ५६ वर्षांचा होता. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभराने छातीत दुखू लागले आणि हृदय उघडून सुमारे १० सेंटिमीटर लांबीचा तुकडा काढावा लागला.

असे किती जणांना होते, यावर एकमत नाही, कारण आकडा तपासणीवर ठरतो. फुप्फुसातल्या सिमेंटचे प्रमाण काही अभ्यासांत दोन-चार टक्के, तर सरसकट सीटी स्कॅन केलेल्यांत वीस टक्क्यांच्या वर. मग प्रत्येकाची छाती तपासावी का? त्रास नसेल तर बहुधा उपचारच नसतो, मग उगाच घबराट कशाला, असे एका बाजूचे म्हणणे. ते अगदीच चुकीचे नाही, पण सोयीचे मात्र आहे. जे शोधलेच नाही ते दुर्मीळच ठरणार.

त्यात २००९च्या दोन चाचण्यांत, सिमेंट न भरता भरल्याचा नुसता देखावा केलेल्या रुग्णांनाही तेवढाच आराम पडला. २०१६च्या चाचणीत सहा आठवड्यांच्या आतल्या ताज्या दुखण्यात फायदा दिसला, २०१८च्या चाचणीत पुन्हा नाही. फायदाच वादात असेल, तर क्वचितच्या धोक्याचे वजन वाढते.

घरी गेलेल्या आजीला पुढे छातीत कळ आली, तर जवळच्या आरोग्य केंद्रात आधी ईसीजी निघतो. मणक्याचे कागद घरीच राहिलेले असतात. ईसीजीत सिमेंट दिसत नाही. भरताना पडद्यावर दिसावे म्हणून त्यात बेरियमसारखा पदार्थ मिसळलेला असतो, त्यामुळे छातीच्या साध्या एक्स-रेवर ते बऱ्याचदा पांढऱ्या रेघेसारखे उमटते.